बंदुकीवाचून नोंदलेला पक्षी

पक्षिशास्त्राच्या जगात दीडशेहून अधिक वर्षे एक नियम अढळ मानला जात असे. एखादा नवा पक्षी आढळला असे कोणी म्हणाले, की त्याला पहिला प्रश्न विचारला जाई तो असा : नमुना कुठे आहे? नमुना म्हणजे मारलेल्या पक्ष्याची सोललेली, आत कापूस भरलेली आणि पायाला चिठ्ठी बांधलेली कातडी. ती एखाद्या संग्रहालयाच्या खणात असेल तर पक्षी खरा. नसेल तर पाहणाऱ्याची दृष्टी, त्याचे स्मरण आणि त्याची सचोटी या तिन्हींवर संशय. या जुन्या शिस्तीला २००६ साली भारताच्या ईशान्येकडील एका डोंगरावर बाजूला सारण्यात आले. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट नावाच्या मेघवनात एका नव्या पक्ष्याची ओळख शास्त्राला करून देण्यात आली, आणि ती करून देताना एकही पक्षी मारला गेला नाही. घटना म्हटली तर लहानशी. परंतु तिच्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तिने पुढे केलेला प्रश्न केवळ पक्षिशास्त्रज्ञांपुरता नाही.

हे मेघवन आहे तरी कोठे? आसामातील तेजपूर सोडून उत्तरेची वाट धरली, की ब्रह्मपुत्रेचे सपाट मैदान थोड्याच अंतरावर संपते आणि हिमालयाच्या पायऱ्या एकाएकी उठू लागतात. पश्चिम कामेंग जिल्ह्यातील या पायऱ्यांवर ईगलनेस्टचे अभयारण्य पसरले आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २१८ चौरस किलोमीटर. विस्ताराच्या मानाने ते फार मोठे म्हणता येणार नाही. पण त्याचा पायथा समुद्रसपाटीपासून ५०० मीटरांवर, तर माथा ३२५० मीटरांवर आहे. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात माणूस उष्ण प्रदेशातील केळी-वेतांच्या दाट रानातून निघून ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या थंड अरण्यात पोहोचतो. वाड्याच्या प्रत्येक मजल्यावर निराळे कुटुंब नांदावे, तसे या डोंगराच्या प्रत्येक टप्प्यावर पक्ष्यांचे निराळे कुळ नांदते. आजवर येथे ४५० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे.

बंगालच्या उपसागरावरून आलेले मोसमी वारे आसामचे मैदान ओलांडतात, तेव्हा त्यांच्या वाटेत आडवी येणारी पहिली मोठी भिंत ही या डोंगररांगेची. दक्षिण उतारावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पाठीमागच्या उत्तर उतारावर त्याच्या निम्माच. वर चढणारी दमट हवा थंड होते आणि ढग अरण्यातच उतरतात. मेघवनाला पाणी केवळ पावसाकडून मिळत नाही. झाडीतून वाहणाऱ्या ढगातले बारीक तुषार पानांवर, शेवाळावर, फांद्यांवरून लोंबणाऱ्या दगडफुलांवर साचतात आणि थेंबाथेंबाने खाली गळतात. पाऊस थांबलेला असला तरी झाडे ठिबकतच राहतात. प्रत्येक खोडाला शेवाळाचा जाड अंगरखा, त्यात रुजलेले नेचे आणि आमरी, खाली बांबूची दाट जाळी. पावसाळ्यात महाबळेश्वरचे किंवा आंबोलीचे धुके ज्याने अनुभवले आहे, त्याला या वनाची थोडीफार कल्पना करता येईल. सह्याद्रीवर मात्र ही अवस्था मोसमापुरती असते. येथे पावसाळा सरला तरी ढगांची ये-जा थांबत नाही.

अशा रानात पक्षी पाहणे हा संयमाचा खेळ असतो. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एकाएकी बांबूच्या जाळीत हालचाल सुरू होते आणि दहा-पंधरा जातींचे लहान लहान पक्षी एकत्र, जणू वरात निघाल्याप्रमाणे, समोरून जातात. कोणी शेंड्यावर, कोणी खोडाला चिकटून, कोणी जमिनीलगत, अशी त्यांची वाटणी असते. चार-पाच मिनिटांत वरात दिसेनाशी होते आणि धुके पुन्हा मिटते. ज्याची नजर तयार आहे त्यालाच त्या चार-पाच मिनिटांत काही गवसते.

या स्थळाचे नावही इतिहासातून आलेले आहे. ईगलनेस्ट म्हणजे गरुडाचे घरटे. परंतु ते नाव पडले खऱ्या गरुडावरून नव्हे, तर लष्कराच्या चिन्हावरील लाल गरुडावरून, असे सांगितले जाते. भारतीय सेनेची चौथी डिव्हिजन 'रेड ईगल' या नावाने ओळखली जाते. १९५९ च्या अखेरीस ती या सरहद्दीवर आणण्यात आली. त्या काळी हा मुलूख नेफा म्हणून ओळखला जात असे. मैदानातून बोमडिल्याकडे जाणारा लष्करी रस्ता चाकूवरून चढत याच खिंडीतून टेंगाच्या खोऱ्यात उतरत असे. १९६२ च्या नोव्हेंबरात बोमडिला पडला, तेव्हा माघारीच्या धामधुमीचे काही अखेरचे प्रसंग याच रस्त्यावर घडले. पुढे वाहतूक भालुकपाँगच्या मार्गाकडे वळली, खिंडीतली वाट ओस पडली आणि रानाने तिच्या दोन्ही कडा पुन्हा जवळ ओढून घेतल्या. नेफाचे १९७२ साली अरुणाचल प्रदेश झाले, १९८७ साली त्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला आणि १९८९ साली ईगलनेस्ट अभयारण्य म्हणून घोषित झाले. युद्धासाठी खोदलेली वाट आता पक्षी पाहणाऱ्यांच्या पायाखाली आहे.

पूर्व हिमालयातील पक्ष्यांचा शास्त्रीय अभ्यास मात्र त्याहून कितीतरी जुना. त्याचा पाया घातला ब्रायन हॉजसन यांनी. हॉजसन १८२० नंतरच्या काळात काठमांडूस कंपनी सरकारच्या सेवेत होते आणि पुढे तेथे रेसिडेंट झाले. नेपाळ दरबार परक्या माणसाला खोऱ्याबाहेर मुक्तपणे हिंडू देत नसे. तेव्हा हॉजसन यांनी स्थानिक शिकारी नेमले, नेपाळी चित्रकार पदरी ठेवले, आणि घरबसल्या हजारो नमुने व चित्रे जमविली. निवृत्तीनंतर ते दार्जिलिंगला राहिले व तेथूनही हे काम चालू ठेवले. त्यांच्या नामकरणात एक हृद्य विशेष आढळतो. लॅटिन आणि ग्रीक यांचा आधार घेण्याची रीत असतानाही त्यांनी अनेक पक्षिवंशांना नेपाळी लोकांच्या तोंडची नावे दिली. युहिना, मिनला, कुटिया, सुथोरा ही नावे आजही शास्त्रात रूढ आहेत, आणि हे सारे पक्षी ईगलनेस्टच्या मेघवनात दिसतात. ज्या शिकाऱ्यांनी ते पक्षी आणून दिले त्यांची नावे बहुतांशी हरवली. त्यांची भाषा मात्र अशा रीतीने टिकून राहिली.

हॉजसननंतरचे मोठे नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु इटाव्याचा हा कलेक्टर हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचाही अध्वर्यू होता. १८७२ साली त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले. मुलकी सेवेतले, लष्करातले, रेल्वेतले अधिकारी ठिकठिकाणांहून त्यांना कातडी, अंडी आणि टिपणे पाठवीत. त्यांच्या सिमल्याच्या बंगल्यात अशा नमुन्यांचा प्रचंड साठा झाला. मग एका हिवाळ्यात, ते सिमल्यात नसताना, एका नोकराने त्यांची अनेक वर्षांची हस्तलिखिते रद्दीच्या भावाने विकून टाकली. या आघातानंतर ह्यूम यांचे मन त्या विषयातून उडाले. १८८५ साली, म्हणजे ज्या वर्षी राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले त्याच वर्षी, सुमारे ८२ हजार नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कागद गेले, पण कातडी राहिली. हिंदुस्थानातील पक्ष्यांचे पुढचे ग्रंथ मोठ्या प्रमाणावर या संग्रहाच्या आधारावर उभे राहिले.

आजच्या संवेदनेला या आकड्याने अंगावर काटा येईल. परंतु त्या काळच्या माणसांना केवळ क्रूर ठरविणे न्यायाचे होणार नाही. चांगली दुर्बीण दुर्मिळ होती, रानात नेण्याजोगा कॅमेरा नव्हता, आवाज टिपण्याचे साधन नव्हते. हिमालयातल्या झुडपांत वावरणारे कितीतरी लहान पक्षी एकमेकांसारखे इतके दिसतात, की पंखाचे माप आणि चोचीची लांबी तपासल्यावाचून त्यांचा भेद कळत नाही. शिवाय नमुना ही सार्वजनिक साक्ष होती. एकाने केलेले विधान दुसऱ्याला शंभर वर्षांनी तपासून पाहता यावे, हा तिच्यामागचा हेतू शास्त्राला शोभणाराच होता. दोष होता तो मर्यादा न ओळखण्यात. एखादी जात जितकी विरळ, तितका तिचा नमुना मोलाचा. आणि नमुना जितका मोलाचा, तितकी ती जात संकटात. उत्तर अटलांटिकमधील ग्रेट ऑक हा उडता न येणारा समुद्रपक्षी असाच नाहीसा झाला. १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर त्याची शेवटची जोडी मारली गेली, ती संग्राहकांसाठी.

भारतात या परंपरेला वळण लागले ते सलीम अली यांच्या हयातीत. त्यांच्या पक्षिप्रेमाचा आरंभही बंदुकीनेच झाला होता. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली एक चिमणी ओळखून घेण्यासाठी ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेले. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चिटणीस मिलर्ड यांनी त्या मुलासमोर पक्ष्यांच्या कातड्यांचे खण उघडून दाखविले, आणि तेथेच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, किहीमला सुगरणींच्या घरट्यांसमोर दिवसेंदिवस बसून सलीम अलींनी जी निरीक्षणे केली, ती जिवंत पक्ष्याच्या वागणुकीची होती. मेलेल्या पक्ष्याचे वर्गीकरण आणि जिवंत पक्ष्याचे चरित्र, या दोहोंमधील अंतर त्यांनी आपल्या कामाने भरून काढले. आपल्या सर्वेक्षणांत तेही नमुने गोळा करीत. परंतु १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' या पुस्तकाने सामान्य माणसाच्या हाती बंदुकीऐवजी दुर्बीण दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९४६-४७ च्या हिवाळ्यात सलीम अली आणि अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनी ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेकडील मिशमी टेकड्यांत मोहीम काढली. तेथे मिळालेल्या एका चिमुकल्या, तांबूस गळ्याच्या पक्ष्याला रिप्ले यांनी १९४८ साली नवी जात म्हणून नाव दिले. पुरावा होता तो एकाच नमुन्याचा. त्यानंतर तो पक्षी पुन्हा रानात दिसण्यास २००४ साल उजाडावे लागले. मधल्या सत्तावन्न वर्षांत जगाला त्या जातीविषयी जे काही ठाऊक होते, ते त्या एका कातडीपुरतेच. ती कोठे राहते, कशी गाते, काय खाते, याचे उत्तर कातडीला देता येत नव्हते.

दरम्यान साधने पालटत होती. १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराच्या अभ्यासासाठी मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याची योजना हाती घेतली. केसासारख्या बारीक धाग्याच्या, पक्ष्याला सहसा न दिसणाऱ्या उभ्या जाळ्यांत पक्षी अलगद धरावयाचा, त्याच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालावयाचे, माप घ्यावयाचे आणि तळहातावरून पुन्हा सोडून द्यावयाचे, अशी ही पद्धत. हातात आलेला पक्षी मारलाच पाहिजे असे नाही, ही साधी गोष्ट या पद्धतीने अभ्यासकांच्या अंगवळणी पाडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला कायद्याचेही पाठबळ मिळाले.

या पार्श्वभूमीवर १९९५ च्या जानेवारीतील ईगलनेस्टची एक सफर पाहिली पाहिजे. रमण अथ्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात त्यांनी काम केले. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या क्षीण लहरी टिपणे हा त्यांचा विषय. पक्षिनिरीक्षण हा छंद. त्या जानेवारीत मेघवनात त्यांना दोन पक्षी दिसले, आणि कोणत्याही पुस्तकातल्या वर्णनाशी ते जुळेनात. बांधा लहान साळुंकीएवढा, अंग करडे-हिरवट, डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे ठळक पिवळा पट्टा, आणि पंखांवर पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या रंगांचे तुकडे. त्यांनी पाहिले ते टिपून ठेवले. परंतु तेवढ्यावर शास्त्रीय दावा करता येत नव्हता. नवी जात पाहिली असे सांगणारा हौशी माणूस आणि भूत पाहिले असे सांगणारा वाटसरू यांना शास्त्राच्या दरबारात जवळजवळ सारखीच वागणूक मिळते.

दहा वर्षे तशीच गेली. पुढे अथ्रेय यांनी ईगलनेस्टच्या जैवविविधतेच्या पाहणीचे काम हाती घेतले. २००५ च्या जानेवारीत तो पक्षी पुन्हा दिसला. आता खातरी पटू लागली. हा लायोसिकला नावाच्या वंशातला, म्हणजे आपल्याकडील सातभाईंच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, असे लक्षात आले. त्याचा जवळचा नातलग चीनमधील सेच्वान प्रांतातल्या एमेइ पर्वताच्या परिसरात राहतो, एक हजार किलोमीटरहून अधिक दूर. मग २००६ च्या मे महिन्यात तो पक्षी जाळ्यात आला आणि निर्णयाची घडी येऊन ठेपली.

शतकापूर्वीचा संग्राहक या क्षणी काय करता हे उघड आहे. येथे मात्र आणखी एक हिशेब समोर होता. तोवरच्या सर्व शोधात या जातीचे अवघे चौदा पक्षी दिसले होते आणि त्यांत विणीच्या जोड्या तीनच होत्या. त्यांतला एक जरी मारला तरी ज्ञात संख्येचा चौदावा भाग संपणार. आणि तो विणीच्या जोडीतला निघाला तर हानी त्याहून मोठी. म्हणून पक्ष्याची मापे घेण्यात आली, छायाचित्रे काढण्यात आली, काही पिसे ठेवून घेण्यात आली आणि पक्षी सोडून देण्यात आला. त्याच्या गाण्याचे ध्वनिमुद्रणही होते. या साऱ्याच्या आधारे त्याच वर्षी 'इंडियन बर्ड्स' या नियतकालिकात जातीचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मूळ नमुना म्हणून प्राण्याचा एखादा भागही चालतो अशी तरतूद आहे. तिचा आधार घेऊन ती मूठभर पिसेच त्या जातीची कायमची साक्ष ठरली.

यावर आक्षेप निघाले नसते तरच नवल. आणि ते आक्षेप पोकळ नव्हते. १९८८ साली आफ्रिकेत सोमालियातील बुलो बुर्ती या गावी एक अनोळखी पक्षी सापडला. तो पकडून पाळण्यात आला, त्याच्या रक्ताची व पिसांची तपासणी झाली, १९९० साली त्याला पुन्हा रानात सोडण्यात आले आणि १९९१ साली नवी जात म्हणून त्याचे वर्णन छापले गेले. त्याला मुक्ततेचे सूचक असे लॅटिन नावही मिळाले. परंतु २००८ साली झालेल्या अधिक बारकाईच्या जनुकीय तपासणीत तो नवी जात नसून, आधीच माहीत असलेल्या जातीतला निराळ्या रंगाचा पक्षी ठरला. दया दाखविताना शास्त्र चुकू शकते, याचा हा वस्तुपाठ म्हणता येईल.

तथापि नमुना हाताशी असला म्हणजे सत्य हाताशी असतेच असेही नाही. याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. १८८४ नंतर तो पक्षी जणू अदृश्य झाला. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत आपण तो मिळविल्याचे सांगून एक नमुना पुढे केला, आणि अभ्यासक त्या दिशेने शोध घेत राहिले. नमुना खरा होता, चिठ्ठी खोटी होती. तो संग्रहालयातून चोरलेला, खानदेशातला जुना नमुना होता. हे बनावट प्रकरण ओळखून पामेला रॅसमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्सल नमुन्यांवरील जुनी ठिकाणे धुंडाळली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत आढळला. ११३ वर्षांनी लागलेल्या या शोधात एका कातडीने दिशाभूल केली आणि इतर कातड्यांनी वाट दाखविली. साक्षीला शेवटी मोल येते ते साक्षीदाराच्या प्रामाणिकपणामुळे. मग ती साक्ष कातडीची असो, पिसाची असो वा डोळ्यांची.

जुन्या संग्रहांचे ऋण नाकारण्याचे म्हणूनच कारण नाही. ईगलनेस्टचा पक्षी नवा आहे हे ज्या ज्ञानाच्या तुलनेवरून ठरले, ते पिढ्यान्‌पिढ्या जमविलेल्या नमुन्यांवरच उभे होते. याच पश्चिम अरुणाचलात २००९ साली पेर ऑल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांच्या ध्यानात आले, की एकच समजला जाणारा एक कस्तुर दोन उंचींवर दोन निराळ्या सुरांत गातो. वृक्षरेषेवरच्या खडकांत त्याचा स्वर रुक्ष, तर खालच्या सूचिपर्णी वनात मधुर. अनेक देशांतील संग्रहालयांतले जुने नमुने, जनुकीय तपासणी आणि गाण्यांची तुलना यांच्या आधारे २०१६ साली ती दोन निराळी जात असल्याचे सिद्ध झाले. वनातल्या गोड गळ्याच्या जातीला सलीम अलींचे नाव देण्यात आले. जुन्या कातड्या आणि नवा कान यांचे असे सहकार्य झाले. ज्यांनी एकेकाळी पक्षी मारले त्यांच्या श्रमांचे सार्थक, पुढच्यांना मारावे लागू नये यातच आहे, असे म्हणता येईल.

आता नावाकडे वळू. ईगलनेस्टच्या पक्ष्याला लॅटिनमध्ये 'लायोसिकला बुगुनोरम', म्हणजे बुगुन लोकांचा लायोसिकला, असे नाव मिळाले. बुगुन ही सिंगचुंग आणि आसपासच्या गावांत राहणारी एक लहान जमात. जुन्या सरकारी कागदपत्रांत तिचा उल्लेख 'खोवा' असा येतो. एखादा पक्षी धनिकाच्या, अधिकाऱ्याच्या किंवा संग्राहकाच्या नावे नोंदला जावा ही जुनी रीत. येथे तो ज्या रानात राहतो त्या रानाच्या शेजाऱ्यांच्या नावे नोंदला गेला. हॉजसन यांनी नेपाळी शब्द उचलले त्याच्याही पुढचे हे पाऊल होते, कारण त्यात ऋणाबरोबर जबाबदारीचीही वाटणी होती.

ही जबाबदारी केवळ शब्दांपुरती राहिली नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले आणि अरुणाचलातील लाकडाचा धंदा मंदावला. अरण्य वाचले, पण ज्यांची मिळकत लाकडावर होती त्या गावांसमोर पोटाचा प्रश्न उभा राहिला. निर्बंधाने जंगलाला अवधी मिळतो, मित्र मिळत नाहीत. ईगलनेस्टच्या परिसरात ते मित्र मिळविण्याचे काम पक्षी पाहावयास येणाऱ्यांच्या मुक्कामांनी केले. तंबू, स्वयंपाक, वाटाडेपण, वाहने यांतून गावात पैसा येऊ लागला, आणि जिवंत पक्षी हे गावाचे धन आहे ही जाणीव रुजू लागली. नव्या पक्ष्याचा वावर अभयारण्याच्या रेषेपुरता नव्हता. लगतच्या गावजंगलातही तो होता. हे जंगल बुगुनांच्या मालकीचे. तेथे सरकारी हुकूम पुरेसा ठरला नसता, गावाची संमतीच लागणार होती. वन्यजीव कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने गावकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर सामुदायिक राखीव क्षेत्र घोषित करण्याची सोय केली होती. तिच्या आधारे २०१७ साली सुमारे १७ चौरस किलोमीटरचे सिंगचुंग बुगुन ग्राम सामुदायिक राखीव क्षेत्र अस्तित्वात आले.

यामुळे सारे काही सुखरूप झाले असे मात्र समजू नये. अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत हा पक्षी आहे. त्याची ज्ञात वस्ती इतकी तोकडी आहे, की एखादा वणवा, एखादा बेताल रस्ता किंवा बांबूचा एखादा मोठा तुकडा तुटला, तरी तिला धक्का बसू शकतो. मेघवन हे ढगांच्या उंचीवर जगते. हवामान उष्ण होत गेले आणि ढगांचा थर वर सरकला, तर वनाला व त्यातील पक्ष्यांना त्याच्या मागोमाग वर सरकावे लागेल; आणि डोंगराला माथा असतो. त्यापलीकडे जागा नसते. हा धोका कोणत्याही गावाच्या ठरावाने टळणारा नाही.

ईगलनेस्टच्या कथेचे महत्त्व मग कशात आहे? एका डोंगरावर ज्ञान आणि जीव यांच्यात निवड करण्याची वेळ आली आणि दोन्ही राखण्याचा मार्ग निघाला, यात ते आहे. तो मार्ग पूर्णपणे निर्धोक नव्हता. चूक होण्याची शक्यता पत्करून तो निवडला गेला, आणि ती शक्यता पत्करण्याइतका तो जीव मोलाचा मानला गेला. ह्यूम यांच्या ८२ हजार नमुन्यांपासून एका पक्ष्याच्या मूठभर पिसांपर्यंतचा हा प्रवास केवळ साधनांच्या प्रगतीचा म्हणता येणार नाही. जग जाणून घेण्यासाठी त्यातून किती घ्यावे, याची समज हळूहळू वाढत गेल्याचा तो इतिहास आहे. त्या मे महिन्यात हातातून सुटलेला पक्षी बांबूच्या जाळीत शिरला आणि धुक्यात नाहीसा झाला. त्याची पिसे मागे राहिली, त्याचे नाव राहिले, आणि त्याचे गाणे त्या रानातच राहिले.